'समजले का?' — 'हो सर!'
(वर्गाला खरोखर काय समजले, हे तास चालू असतानाच कळण्याची एक सोपी युक्ती)

तास संपायला पाच मिनिटे उरलेली असतात. फळा भरलेला असतो, बोटे खडूने पांढरी झालेली असतात. आपण वर्गाकडे वळून विचारतो, "समजले का?" समोरून एका सुरात उत्तर येते, "हो सर!" "कोणाला काही शंका?" शांतता. आपण समाधानाने हजेरीपट उचलतो आणि पुढच्या वर्गाकडे निघतो.

हे समाधान कितपत खरे असते?

अकरावीच्या वर्गात न्यूटनचे नियम शिकवून झाल्यावर मी एकदा एक साधा प्रश्न विचारला. चेंडू सरळ वर फेकला. तो सर्वांत उंच जागी पोहोचला, त्या क्षणी त्याच्यावर कोणते बल आहे? (हवेचा विरोध सोडून द्या.) बल शून्य आहे, वरच्या दिशेने आहे, खालच्या दिशेने आहे, की वरचे आणि खालचे बल समान आहे? ज्याला जो पर्याय पटेल त्याने तेव्हा हात वर करावा, असे सांगितले. 'खालच्या दिशेने' म्हणताच पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीचा हात वर गेला. क्षणभराने तिच्या मागच्या बाकावरचे हात वर गेले, मग त्यांच्या मागचे. पाहता पाहता जवळजवळ सारा वर्ग हात वर करून बसला. मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न थोडा बदलून विचारला आणि उत्तर नाव न घालता चिठ्ठीवर लिहून घेतले. घरी चिठ्ठ्या उलगडल्या. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर 'बल शून्य' किंवा 'दोन्ही बले समान' असे लिहिलेले होते. म्हणजे आदल्या दिवशी जे हात वर गेले होते, ते चेंडूकडे पाहून नव्हे, पहिल्या बाकाकडे पाहून गेले होते. आणि मी 'वर्गाला समजले' असे धरून पुढचा धडा सुरू केला होता.

हा अनुभव कोणत्याही एका शाळेचा किंवा कॉलेजचा नाही. जगातल्या अत्यंत नावाजलेल्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकालाही तो आला, आणि त्यातून शिकवण्याची एक पद्धत तयार झाली. तिला महागडी साधने लागत नाहीत. पुठ्ठ्याची चार कार्डे पुरतात. म्हणूनच ती आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या मोठ्या वर्गांसाठी विशेष उपयोगी आहे.

हार्वर्डमधला धक्का

एरिक माझुर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९८४ पासून ते पहिल्या पातळीचे भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्यावर खूश असत, परीक्षेतली अवघड गणितेही सोडवत. आपण चांगले शिकवतो, असे माझुर यांना वाटत होते आणि तसे वाटायला कारणही होते.

१९९० मध्ये त्यांच्या वाचनात एक शोधनिबंध आला. ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या इब्राहिम हालून आणि डेव्हिड हेस्टनीस यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला होता. बल आणि गती यांविषयी मुले रोजच्या अनुभवावरून काही कल्पना मनात घेऊनच वर्गात येतात. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाला तरी त्या कल्पना फारशा बदलत नाहीत, असे त्यांनी साध्या शब्दांतल्या प्रश्नांच्या आधारे दाखवले होते. यातूनच पुढे १९९२ मध्ये हेस्टनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. बलाच्या संकल्पनेची ही चाचणी पुढे जगभर वापरली गेली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच.

माझुर यांना वाटले, हे इतर ठिकाणी होत असेल, हार्वर्डमध्ये नाही. त्यांनी त्या धर्तीची चाचणी स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की या प्रश्नांची उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी द्यायची, की आम्ही एरवी विचार करतो तशी? या एका प्रश्नात सगळे आले. मुलांच्या डोक्यात दोन स्वतंत्र कप्पे होते: एक परीक्षेचा आणि एक जगाचा. चाचणीचे निकालही तसेच निराशाजनक आले.

उदाहरणार्थ, जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावते? 'क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात' हे वाक्य आपला आठवीतला मुलगाही घडाघडा म्हणतो. पण ट्रक आणि रिक्षा समोर आणली, की तोच मुलगा 'ट्रकचे बल जास्त' असे सांगतो. रिक्षाचा चक्काचूर होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. बल दोघांवर सारखेच असते, परंतु रिक्षाचे वस्तुमान कमी असल्यामुळे तिच्या वेगात होणारा बदल मोठा असतो, ही पुढची पायरी त्याने कधी स्वतः चढलेली नसते.

गणित येते, पण दिवा समजत नाही

माझुर यांनी मग एका परीक्षेत विद्युतमंडलावर दोन प्रश्न घातले. एक नेहमीचा: दोन बॅटऱ्या आणि अनेक रोध असलेले मंडल देऊन एका रोधातील विद्युतप्रवाह आणि दोन बिंदूंमधील विभवांतर काढायचे. दुसरा दिसायला अगदी सोपा: तीन एकसारखे बल्ब 'अ', 'ब' आणि 'क' एकसर जोडणीत बॅटरीला जोडले आहेत. 'क' बल्बच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक तार आहे आणि त्या तारेत खटका आहे. खटका दाबून तार जोडली, तर 'अ' आणि 'ब' यांचा प्रकाश वाढेल, कमी होईल की तसाच राहील? 'क'चे काय होईल? बॅटरीतून निघणारा प्रवाह वाढेल की कमी होईल? एकूण खर्च होणारी शक्ती?

पुढे वाचण्यापूर्वी आपणही उत्तर ठरवून पाहा.

खटका दाबला, की विद्युतप्रवाहाला 'क'ला वळसा घालून जाणारी, जवळजवळ रोध नसलेली वाट मिळते. 'क' विझतो. आता मंडलात दोनच बल्ब उरल्यामुळे एकूण रोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो. आकड्यांत पाहू. प्रत्येक बल्बचा रोध २ ओहम आणि बॅटरी ६ व्होल्टची समजू. आधी एकूण रोध ६ ओहम, प्रवाह १ ॲम्पिअर, प्रत्येक बल्बची शक्ती २ वॅट. खटका दाबल्यावर रोध ४ ओहम, प्रवाह १.५ ॲम्पिअर, आणि 'अ' व 'ब' यांची शक्ती प्रत्येकी ४.५ वॅट. म्हणजे दोघेही अधिक प्रखर होतात, आणि एकूण शक्ती ६ वॅटवरून ९ वॅटवर जाते. (तार तापल्यावर तिचा रोध बदलतो, ते इथे सोडून दिले आहे.)

यात तोंडी हिशोबापलीकडे काही नाही. तरीही माझुर यांच्या विद्यार्थ्यांना अवघड दिसणाऱ्या गणितात दहापैकी सरासरी सुमारे ७ गुण पडले आणि या सोप्या प्रश्नात सुमारे ५. गणिताची कृती त्यांना पाठ होती. समीकरणे मांडायची, सोडवायची, उत्तर लिहायचे. मंडलात काय घडते आहे याचे चित्र मात्र डोळ्यांसमोर नव्हते.

आपल्या बोर्डाच्या परीक्षेत ऐंशी-नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलांबाबत हे किती खरे असेल, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. या मुलांतूनच उद्याचे अभियंते, डॉक्टर आणि शिक्षकही होणार आहेत.

शेजाऱ्याला पटवून द्या

चाचणीतल्या एका प्रश्नाचे उत्तर माझुर वर्गात समजावून देऊ लागले. एकदा सांगितले, मुलांचे चेहरे कोरेच. दुसऱ्या रीतीने सांगितले, गोंधळ आणखी वाढला. शेवटी काही सुचेना म्हणून ते म्हणाले, तुम्ही आपसांतच चर्चा करा. एकदम गलका झाला. आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांना ते कोडे उलगडले. प्राध्यापकाला जे जमले नाही, ते शेजारच्या मुलाने केले होते.

असे का व्हावे? याचे कारण आपल्याला स्वतःच्या अनुभवातून समजण्यासारखे आहे. आपल्याला ती गोष्ट समजून वीस वर्षे झालेली असतात. आपण कुठे अडखळलो होतो, हे आपण साफ विसरलेलो असतो. शेजारच्या मुलाला ती गोष्ट आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी समजलेली असते. ठेच कुठे लागते हे त्याला नेमके आठवत असते. शिवाय त्याची भाषा आणि उदाहरणे ऐकणाऱ्याच्या ओळखीची असतात, आणि त्याला 'मला नाही पटत' असे म्हणायला भीती वाटत नाही.

१९९१ पासून माझुर यांनी सगळा तासच या पायावर उभा केला. या पद्धतीला इंग्रजीत 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात. आपण सहाध्यायी-शिक्षण म्हणू. तिच्या पायऱ्या अशा:

१. शिक्षकाने सात ते दहा मिनिटे एकच मुद्दा समजावून सांगायचा.
२. त्या मुद्द्यावर एक बहुपर्यायी प्रश्न फळ्यावर लिहायचा. प्रश्न संकल्पनेचा असावा, आकडेमोडीचा नसावा.
३. प्रत्येकाने मिनिट-दीड मिनिट गप्प राहून स्वतः विचार करायचा. या वेळात बोलायचे नाही.
४. खूण होताच सर्वांनी एकाच क्षणी आपले उत्तर दाखवायचे.
५. आता शेजाऱ्याचे उत्तर वेगळे असेल तर त्याला आपले उत्तर कारणासह पटवून द्यायचे. यासाठी दोन ते चार मिनिटे.
६. पुन्हा एकदा मत द्यायचे.
७. शेवटी शिक्षकाने बरोबर उत्तर आणि त्याचे कारण सांगायचे. चुकीचे पर्याय का चूक आहेत, हेही सांगायचे.

तिसरी पायरी गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्वतः एका उत्तराला बांधून घेतल्याशिवाय वादाला धार येत नाही. ज्याने पैज लावली आहे, तोच सामना मन लावून पाहतो.

तीस ते सत्तर

पहिल्या मतदानानंतर काय करायचे, हे वर्गाच्या उत्तरांवर ठरते. अनुभवाने असे दिसून आले आहे, की साधारण ३० ते ७० टक्के मुलांचे उत्तर बरोबर असेल, तेव्हा चर्चेचा सर्वांत जास्त फायदा होतो. त्याहून कमी असेल तर मुद्दा पोचलेलाच नाही. चर्चा न लावता पुन्हा समजावून सांगावे. त्याहून जास्त असेल तर थोडक्यात कारण सांगून पुढे जावे.

हे आकडे कुठून आले असतील, ते साध्या संभाव्यतेने पाहता येते. वर्गात १०० मुले आहेत आणि त्यांच्या ५० जोड्या कशाही पाडल्या आहेत असे समजा. एकाचे उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचे चूक अशी जोडीच उपयोगी; तिथेच वाद होतो आणि खऱ्याची बाजू मांडणारा कोणीतरी असतो. बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण निम्मे असेल, तर अशी जोडी पडण्याची शक्यता २ × ०.५ × ०.५ म्हणजे ०.५, अर्थात सुमारे २५ जोड्या. प्रमाण ३० किंवा ७० टक्के असेल तर २ × ०.३ × ०.७ म्हणजे ०.४२, सुमारे २१ जोड्या. परंतु प्रमाण १० टक्के झाले की ही शक्यता ०.१८ वर येते. नऊच जोड्या उपयोगी राहतात, आणि सुमारे ४० जोड्यांमध्ये दोघांचेही उत्तर चूक असते. प्रमाण ९० टक्के असले तरी उपयोगी जोड्या नऊच. बाकी बहुतेक जोड्यांत दोघांनाही उत्तर येत असते, मग बोलायचे तरी काय? प्रत्यक्षात मुले मित्राजवळ बसतात, तिघे-तिघेही बोलतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळच आहे. पण ३० ते ७० ही खिडकी का, हे त्यावरून कळते.

ही नुसती नक्कल तर नव्हे?

इथे कोणाही शिक्षकाच्या मनात शंका येईल. दुसऱ्या मतदानात बरोबर उत्तरे वाढतात, ती समजल्यामुळे की हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचलल्यामुळे? माझा पहिल्या बाकाचा अनुभव हेच सांगतो ना?

ही शंका अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यांचा निबंध २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. आनुवंशिकीच्या वर्गात सुमारे ३५० विद्यार्थी होते. त्यांनी प्रश्नांच्या १६ जोड्या तयार केल्या. जोडीतले दोन्ही प्रश्न एकाच संकल्पनेवरचे, पण वरून वेगळे दिसणारे. पहिला प्रश्न आधी एकट्याने सोडवायचा, मग चर्चा करून पुन्हा सोडवायचा. बरोबर उत्तर न सांगताच लगेच जोडीतला दुसरा प्रश्न द्यायचा, तोही एकट्याने सोडवायचा. नक्कलच केली असेल, तर नव्या प्रश्नात मूल पुन्हा चुकायला हवे.

तसे झाले नाही. पहिल्या प्रश्नाला एकट्याने सरासरी ५२ टक्के, चर्चेनंतर ६८ टक्के आणि नव्या प्रश्नाला एकट्याने ७३ टक्के उत्तरे बरोबर आली. म्हणजे चर्चेत मिळालेली समज मुलांजवळ राहिली होती. पहिल्या वेळी गटात कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, अशा मुलांपैकीही काहींना चर्चेतून वाट सापडली, असे त्यांना आढळले. वाद घालताना आपल्याच बोलण्यातली विसंगती आपल्याला ऐकू येते, हे आपण शिक्षकांच्या खोलीतही अनुभवतोच!

फायदा मोजायचा कसा?

वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच चाचणी दिली, की गुण वाढलेले दिसतात. पण ज्या वर्गाला आधीच ८० गुण होते, त्याला वाढायला जागाच कमी. म्हणून अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांनी एक सोपे माप वापरले: प्रत्यक्ष झालेली वाढ भागिले होऊ शकणारी जास्तीत जास्त वाढ. वर्गाची सरासरी ४० वरून ५५ झाली, तर वाढ १५, शक्य वाढ ६०, आणि माप ०.२५.

हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. केवळ व्याख्यानाने शिकवलेल्या १४ अभ्यासक्रमांत हे माप सरासरी ०.२३ आले. विद्यार्थ्यांना वर्गात विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांत ते ०.४८, म्हणजे दुप्पट होते. माझुर यांच्या स्वतःच्या वर्गात ते १९९० मध्ये ०.२५ होते, पद्धत बदलल्यावर १९९१ मध्ये ०.४९ झाले आणि प्रश्न सुधारत सुधारत १९९७ मध्ये ०.७४ पर्यंत गेले.

हेक यांच्या आढाव्यात ज्या शिक्षकांनी आपणहून निकाल पाठवले त्यांचेच वर्ग होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. उत्साही शिक्षकांचे प्रमाण त्यात जास्त असणार. परंतु २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही चित्र तेच दिसले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते आणि विद्यार्थ्यांना सहभागी करणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. शंभर मुलांच्या वर्गात ही बारा मुले आहेत. बारा घरे आहेत.

चौकट: करून पाहण्यासाठी चार प्रश्न

१. (जीवशास्त्र) एका लहानशा बीपासून प्रचंड आंब्याचे झाड झाले. त्याच्या वाळलेल्या लाकडाचे वजन मुख्यतः कुठून आले? (अ) मातीतून (ब) खतातून (क) हवेतून (ड) सूर्यप्रकाशातून
उत्तर: क. लाकडात मुख्यतः कार्बन आणि ऑक्सिजन असतात आणि ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतात. हायड्रोजन पाण्यातून येतो, मातीतून येणारी खनिजे थोडीशीच असतात. सूर्यप्रकाश ऊर्जा देतो, वस्तू देत नाही.

२. (रसायनशास्त्र) पाणी खळखळून उकळते आहे. तळातून वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असते? (अ) हवा (ब) हायड्रोजन आणि ऑक्सिजन (क) पाण्याची वाफ (ड) काहीच नाही
उत्तर: क. पाणी तापू लागताना प्रथम दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. म्हणून 'अ' म्हणणाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नसते, वेळ चुकीची असते.

३. (गणित) जाताना एसटी ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली, त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने आली. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? (अ) ५० (ब) ५० पेक्षा कमी (क) ५० पेक्षा जास्त (ड) अंतर दिल्याशिवाय सांगता येणार नाही
उत्तर: ब. कमी वेगाने गाडी जास्त वेळ चालली. अंतर १२० किलोमीटर घेतले तर तीन तास आणि दोन तास. २४० भागिले ५ म्हणजे ताशी ४८. कोणतेही अंतर घेतले तरी उत्तर तेच.

४. (भौतिकशास्त्र) या लेखाच्या सुरुवातीचा चेंडू. उत्तर: बल खालच्या दिशेनेच, गुरुत्वाकर्षणाचे. त्या क्षणी वेग शून्य असतो, बल नव्हे. बलही शून्य असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता!

प्रश्न कसा असावा?

या पद्धतीचा जीव प्रश्नात आहे. चौकटीतले चुकीचे पर्याय पाहा. ते उगाच भर म्हणून घातलेले नाहीत. प्रत्येक पर्याय मुलांची एखादी खरीखुरी समजूत आहे. असे पर्याय आपल्याला घरबसल्या सुचत नाहीत, पण ते शोधायला लांब जावे लागत नाही. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना शेजारी एक वही ठेवावी आणि मुलांच्या चुका त्यांच्याच शब्दांत टिपून घ्याव्यात. एका वर्षात भरपूर प्रश्न जमा होतात. एरवी कंटाळवाणे वाटणारे पेपर तपासण्याचे काम त्यामुळे थोडे रंजकही होते.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. एका प्रश्नात एकच संकल्पना असावी. आणि पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे आठवून उत्तर देता येईल असा प्रश्न नसावा. नाहीतर आपण स्मरणशक्ती मोजू, समज नव्हे.

कार्डे, क्लिकर की मोबाईल?

सर्वांनी एकाच क्षणी आणि एकमेकांचे न पाहता उत्तर द्यावे, एवढीच गरज आहे. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हाताची बोटे. छातीजवळ हात धरून एक ते चार बोटे दाखवायची. हात उंच करायचा नाही, म्हणजे मागच्यांना दिसत नाही.

याहून बरा मार्ग कार्डांचा. जुन्या लग्नपत्रिका किंवा वह्यांचे पुठ्ठे कापून पोस्टकार्डाएवढी चार कार्डे करावीत. त्यांना चार रंग द्यावे आणि अ, ब, क, ड अशी ठळक अक्षरेही काढावीत. अक्षरे हवीतच, कारण काही मुलांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. 'एक, दोन, तीन' म्हणताच सर्वांनी कार्ड छातीजवळ धरावे. मोजत बसायची गरज नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गावर नजर फिरवली, की कोणता रंग किती हे अंदाजाने कळते. वर्ग एकरंगी दिसला तर पुढे जायचे, रंगीबेरंगी दिसला तर चर्चा लावायची!

परदेशी विद्यापीठांत यासाठी 'क्लिकर' नावाची, टीव्हीच्या रिमोटसारखी हातात मावणारी यंत्रे वापरली गेली. मुले बटण दाबतात, संगणक मते मोजून आलेख दाखवतो. मोबाईलवरूनही हे करता येते. 'प्लिकर्स' नावाच्या पद्धतीत तर मोबाईल फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या आकृतीचे छापील कार्ड मिळते. कार्डाची कोणती बाजू वर धरली यावर अ, ब, क किंवा ड ठरते, आणि शिक्षकाने कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येकाचे उत्तर नोंदले जाते.

मग यंत्राने जास्त शिकणे होते का? कॅनडातल्या एका महाविद्यालयात नाथानियल लॅसरी यांनी हे तपासले. एका तुकडीला क्लिकर दिले, दुसरीला साधी कार्डे, पद्धत तीच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन्ही तुकड्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शिकणे प्रश्नातून आणि चर्चेतून होते. यंत्राचा फायदा शिक्षकाला होतो: नोंद राहते, पुढच्या वर्षी कोणता प्रश्न ठेवायचा हे ठरवता येते. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी ती जरूर वापरावी. नाहीत त्यांनी खंत करू नये.

यंत्र वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेपूर्वी दाखवू नये. तो दाखवला, तर मुले सर्वांत उंच खांबाकडे सरकतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीवशास्त्राच्या वर्गांतल्या अभ्यासात दिसले. म्हणजे पुन्हा पहिला बाकच!

अडचणी

पहिली अडचण अभ्यासक्रमाची. एका प्रश्नाला सहा मिनिटे आणि समजावण्याला आठ मिनिटे धरली, तर ४५ मिनिटांच्या तासात तीन फेऱ्या होतात. फळ्यावर लिहून देण्याचा भाग कमी करावाच लागतो. माझुर यांनी मुलांना धडा आधी वाचून यायला लावले आणि सुरुवातीला वाचनावर छोटी चाचणी ठेवली. आपल्याकडे रोज हे जमेलच असे नाही. पण प्रत्येक तासाला एकच प्रश्न, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

दुसरी अडचण आवाजाची. शेजारच्या वर्गातले सर डोकावतात, मुख्याध्यापक विचारतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे, शक्य असल्यास एका तासाला बोलवावे. थांबण्यासाठी एक ठरावीक खूण, उदाहरणार्थ टेबलावर डस्टरचे दोन ठोके, असली की दोन मिनिटांचा गलका दोन मिनिटांतच संपतो.

तिसरी अडचण अनपेक्षित आहे. खुद्द मुलांनाच वाटते, की असे शिकण्यात आपण कमी शिकतो. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी सुरेख व्याख्यानात आपण जास्त शिकलो असे सांगितले; चाचणीत मात्र ते स्वतः डोके चालवलेल्या तासात जास्त शिकल्याचे दिसले. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते. विचार करताना दमायला होते, आणि दमणे हे न समजण्याचे लक्षण वाटते. हे मुलांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे. आणि या मतांना गुण देऊ नयेत. चुकण्याची किंमत द्यावी लागणार असेल, तर मुले पुन्हा पहिल्या बाकाकडेच पाहू लागतील.

चौथी अडचण आपली स्वतःची. आपण मन लावून शिकवलेल्या मुद्द्यावर वर्गभर चुकीची कार्डे वर आलेली पाहणे सोपे नसते. माझ्या त्या चिठ्ठ्या वाचताना मलाही वाईट वाटले होते. परंतु त्या चुका त्या दिवशी जन्मलेल्या नव्हत्या. त्या आधीही होत्या, 'हो सर'च्या आड लपलेल्या. मार्च महिन्यात पेपरात दिसण्याऐवजी त्या जुलैत, तास चालू असताना दिसल्या, तर काही करायला वेळ तरी हातात असतो.

पुढच्या आठवड्यात एकच तास निवडा. चौकटीतला एक प्रश्न घ्या, किंवा आपल्या वहीतला. कार्डे नसतील तर बोटे आहेतच. पहिल्या मताचा आणि दुसऱ्या मताचा अंदाज टाचणवहीत लिहून ठेवा. आणि मुले एकमेकांना समजावत असतील तेव्हा टेबलाशी उभे न राहता बाकांमधून फिरा. आपण शिकवलेले त्यांच्या तोंडून कसे ऐकू येते, ते कान देऊन ऐका.